खोल पाण्यावरचा जुना लोखंडी पूल: डागडुजी, गर्डर की कमान?

धरणाच्या फुगवट्यावरचा कैचीचा, म्हणजे लोखंडी पट्ट्या त्रिकोणात जोडून केलेला पूल थकला की आपल्याकडे बेळगाव जिल्ह्यात, हुक्केरी असो वा खानापूर, मागणी एकच होते: नवा पूल द्या. कसला पूल, हे कोणी म्हणत नाही. निवेदनावर सह्या घेण्याआधी पंचायतीत एवढं बोलून घ्या.

डागडुजी सगळ्यात स्वस्त. पण आधी खाली उतरून सांधा बघा. दोन पत्र्यांच्या फटीत गंज फुगून पत्रे एकमेकांपासून सुटायला लागलेले असतात, रिव्हेटच्या डोक्याखालून तांबूस ओघळ आलेले असतात, पूल खांबावर जिथे टेकतो ते बेअरिंग मातीनं घट्ट बसलेलं असतं. रंगानं हे झाकलं जातं, बरं होत नाही. त्यातच आपण दरवेळी डांबराचा नवा थर चढवतो. ६० मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद पुलावर पाच सेंटिमीटरचा एक थर म्हणजे सुमारे ३८ टन वजन, आणि ते कायमचं. अमेरिकेत मिनियापोलिसचा कैचीचा पूल २००७ मध्ये कोसळून १३ माणसं गेली. त्याचे जोडपत्रे, म्हणजे सांध्यावर पट्ट्या एकत्र धरणारे पत्रे, हवे त्याच्या निम्म्या जाडीचे होते आणि वर्षानुवर्षं पुलावरचा बोजा वाढत गेला होता. अशा पुलात ताण पेलणारी एक पट्टी तुटली तरी दोन खांबांमधला अख्खा गाळा जाऊ शकतो. पायी आणि दुचाकीसाठी डागडुजी चालेल. उसाच्या डबल ट्रॉलीसाठी मला ती मान्य नाही.

काँक्रीट गर्डरचा, म्हणजे खांबांवर आडव्या तुळया टाकलेला पूल ठेकेदारांच्या हातचा आणि वरवर किफायतशीर. गोम पाण्याखाली आहे. ३०-४० मीटरवर एक खांब म्हणजे खोल पाण्यात खांबच खांब, आणि प्रत्येकासाठी तराफ्यावरून तळात खोल पाइल, म्हणजे पायाचे खांब, घालायचे. पाणी मे महिन्यात तळाला जातं, जूननंतर पुन्हा चढतं, म्हणजे कामाला मिळतात मोजके महिने. काँक्रीट आहे म्हणून निर्धास्तही राहता येत नाही: कारवारजवळचा काळी नदीवरचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये पडला तो काँक्रीटचाच. शेजारी नवा उभा होता म्हणून रस्ता तुटला नाही.

पोलादी कमानीचा, म्हणजे बोस्ट्रिंग पूल महाग, आणि त्याचा रंग वेळच्या वेळी द्यावाच लागतो. तरी खोल भागासाठी माझं मत त्यालाच. कमानीचा बाहेरचा रेटा तिची दोन्ही टोकं बांधून धरणारा खालचा आडवा टाय पेलतो, त्यामुळे खांबांना ढकल बसत नाही, आणि एका गाळ्यात ६०-१०० मीटर पार होतात. अमेरिकेत चॅम्प्लेन सरोवरावरच्या १९२९ च्या कैचीच्या पुलाचे खांब पाण्याखाली तडकलेले सापडले. ऑक्टोबर २००९ मध्ये तो बंद झाला आणि डिसेंबरात सुरुंगानं पाडला. नव्या पुलाची मधली कमान काठावर जुळवून पाण्यावरून तरंगत आणली आणि वर उचलली. नोव्हेंबर २०११ मध्ये रस्ता सुरू झाला. मधली दोन वर्षं लोक फेरीनं आणि लांबच्या वळशानं गेले. एवढे हाल आपल्या शाळकरी पोरांना आणि दवाखान्याच्या वाटेवरच्या बाळंतिणींना सोसवणार नाहीत.

शरावतीच्या फुगवट्यावर सिगंदूरला २०२५ मध्ये केबलचा पूल झाला, पण तो दोन किलोमीटरहून लांब आहे. आपल्या पाण्याच्या रुंदीला तेवढा थाट नको.

म्हणून मागा ते असं: नवा पूल जुन्याच्या शेजारी, उथळ टोकांना गर्डर, मधल्या खोल भागात कमान, आणि तो सुरू होईपर्यंत जुन्यावर फक्त हलकी वाहनं. अर्जासोबत मे आणि ऑगस्टची पाण्याची पातळी पाटबंधारे खात्याकडून लेखी घेऊन जोडा, कारण खांब किती आणि कुठे हे तिच्यावरूनच ठरणार.