मंदीत संस्थेने कुणाकडे पाहावं: सीएसआर की दरमहा देणगीदार?

वस्तीत अभ्यासिका चालवणारी एक मैत्रीण पेचात आहे. मंदीत कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांसाठीचा निधी मिळवायचा, की दरमहा दोनशे-पाचशे देणारी माणसं जोडायची?

आधी खात्री पाहू. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार पात्र कंपनीला आधीच्या ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सीएसआरवर खर्चावे लागतात. त्यामुळे मंदीचा पूर्ण फटका लगेच बसत नाही, पण बाजार सावरल्यावरही हात आखडता राहू शकतो. शिवाय पैसे कुणाला द्यायचे हे कंपनीच ठरवते. २०२०मध्ये पीएम केअर्स या मदतनिधीला दिलेली रक्कमही सीएसआरमध्ये धरली गेली, तेवढी इतर कामांना उरली नाही. देणगीदारांचं तसं नाही. तीनशेपैकी वीस थांबले तरी अभ्यासिकेतल्या ताईंचं मानधन निघतं. एकुलती एक कंपनी थांबली तर कुलूपच.

मेहनत दोन्हीकडे आहे. तिकडे सीएसआर-१ (हा निधी घेण्यासाठी संस्थेने भरायचा सरकारी फॉर्म) नोंदणी, प्रस्ताव, अहवाल. इकडे फोन, पावत्या, मुलांची खुशाली कळवणं, आणि हे वर्षानुवर्षं. करसवलतीचं आमिष मात्र दाखवू नका, नव्या करप्रणालीत ती मिळत नाही.

कंपनीचा पैसा बहुधा ठरलेल्या प्रकल्पालाच लागतो. भाडं, वीजबिल तिथेच अडतं.

म्हणून खोली बांधायची, संगणक घ्यायचे, तर सीएसआर. रोजचा दिवा तेवत ठेवायचा असेल तर देणगीदारच, आणि मैत्रिणीची गरज हीच आहे. तिने याच महिन्यात माजी विद्यार्थ्यांना फोन करावेत.