दोन समकालीन नाटके, आवर्जून पाहावी अशी

समकालीन मराठी नाटककारांचे नेमके काय पाहावे, असे कोणी विचारले तर मी प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ आधी सुचवेन. तुकोबांची भाकरी घेऊन रानात निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो, तो विठ्ठल काढतो आणि तिची देखभाल करण्यासाठी रखुमाईला लखूबाई होऊन देहूच्या घरात यावे लागते, एवढ्याच कथाबीजावर दोन स्त्रियांचे हे नाटक उभे आहे. देवावर चिडलेली आवली आपले गाऱ्हाणे नकळत त्याच्याच बायकोपुढे मांडते, तेव्हा प्रेक्षक हसता हसता गप्प होतो. पदे संवादातूनच उगवतात, टाळ्यांसाठी थांबत नाहीत. या संहितेला साहित्य अकादमीचा २०२० चा युवा पुरस्कार मिळाला आहे. तरी ती नुसती वाचून भागणार नाही, कारण निम्मे नाटक गाण्यात आहे.

राजकुमार तांगडे यांचे ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ अगदी वेगळ्या जातीचे: रांगडे, शाहिरी, थेट राजकीय. ते क्वचित भाषणाच्या अंगाने जाते, पण शिवरायांच्या जिरेटोपात मावेल असे डोके शोधत फिरणारा यम ही कल्पनाच तिकिटाचे पैसे वसूल करते.