नमुना जाड, छप्पर पातळ: पत्रा की कौलं ठरवताना आम्ही कसे फसलो

वजनकाट्यावर आमच्या नव्या छपराच्या पत्र्याचा तुकडा ठेवला आणि आकडा २५८ ग्रॅमवर थांबला. भाच्याने केलेला हिशेब शेजारीच कागदावर होता. तीस सेंटिमीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद, अर्धा मिलिमीटर जाड पोलादाचा तुकडा कमीत कमी ३५३ ग्रॅम भरायला हवा. वरचा जस्ताचा वगैरे लेप आणि रंग धरला तर आणखी थोडा जास्त. "मावशी, काटा बिघडला असेल," तो म्हणाला, पण ते मला धीर द्यायला. एक किलोचं माप ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता.

नवीन घर बांधायला काढलं तेव्हा आमच्या मनात कौलंच होती. माझं आणि नवऱ्याचं, दोघांचंही बालपण कौलारू घरात गेलेलं, त्यामुळे त्यात फार विचार करण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. छपराच्या कामासाठी ओळखीतून एक कंत्राटदार आला. बोलायला मऊ, कामाची माहिती चोख. पहिल्याच भेटीत तो म्हणाला, "ताई, एवढं ओझं डोक्यावर घेऊन कशाला झोपता?" त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही.

त्याने सांगितलेले आकडे खरे होते, आणि हेच मला आधी सांगायचं आहे. कौलांचं वजन दर चौरस मीटरला साधारण ४० ते ६० किलो होतं. पोलादी पत्रा चार-पाच किलोंत बसतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर कौलांचे चार ते सहा टन होतात आणि पत्र्याचा जेमतेम अर्धा टन. कौलांना उतार जास्त लागतो, फुटकी कौलं बदलावी लागतात, मधूनमधून छप्पर चाळावं लागतं, हेही खरं. खोटं होतं ते या सगळ्यातून त्याने काढलेलं अनुमान. कौलांचं वजन जास्त म्हणजे घर धोक्यात, असं होत नाही. त्या वजनाच्या हिशेबाने कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), वासे आणि भिंती धरायच्या असतात, आणि आमचं घर तर तेव्हा कागदावरच होतं. पत्रा हलका म्हणजे बिनघोर, असंही नाही. हलकं छप्पर वारा खालून उचलतो. ते खाली नीट जखडून ठेवणं हे वेगळं काम आहे आणि त्याला लोखंड, बोल्ट, स्क्रू सगळं पुरेसं लागतं. यातलं त्याने काहीच सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

दुसऱ्या भेटीत तो पिशवीतून एक कौल आणि एक पत्र्याचा तुकडा घेऊन आला. कौल ओट्यावर ठेवून त्यावर पेलाभर पाणी ओतलं. थोड्या वेळाने उलटं करून दाखवलं, तर खालची बाजू ओलसर, काळपट झालेली. मग छोट्या हातोडीने टोला दिला आणि कौलाचे दोन तुकडे झाले. त्याच हातोडीने पत्र्यावर तीन-चार टोले मारले. पत्र्याला साधा पोचासुद्धा आला नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि निर्णय तिथेच झाला.

आज तो प्रसंग आठवला की दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. ते कौल कच्चं भाजलेलं होतं. चांगल्या भाजलेल्या कौलावर बोटाच्या पेराने वाजवलं की खणखणीत आवाज येतो. त्याच्या कौलाचा आवाज बद्द होता, मला तो ऐकू आला होता, पण त्याचा अर्थ लावायचं सुचलं नाही. कौल पाणी किती पितं हे घरीही कळतं. पूर्ण कोरडं कौल तोलायचं, २४ तास पाण्यात बुडवून ठेवायचं, पुसून पुन्हा तोलायचं. वजन जितकं जास्त वाढेल तितकं कौल कच्चं. दुसरी गोष्ट नमुन्याच्या पत्र्याची. तळहाताएवढा तुकडा तसाही ताठच लागतो. शिवाय तो तुकडा आमच्या छपराच्या मालातला नव्हताच. निघताना "तुमच्याकडेच राहू द्या, ताई" म्हणून तो ठेवून गेला होता. मी कपाटात टाकला आणि विसरले.

कोटेशनवर एकच ओळ होती: 'पत्रा ०.५, कलर कोटेड, इन्सुलेशन व वॉरंटीसह.' या एका ओळीत आमची सगळी फसवणूक मावलेली होती.

पत्र्याच्या व्यवहारात जाडी दोन प्रकारे सांगतात. एक नुसत्या पोलादाची, तिला बीएमटी म्हणतात. दुसरी लेप आणि रंग धरून एकूण जाडी, ती टीसीटी. ताकद असते पोलादात. रंगाने पत्रा गंजापासून वाचतो, पण माणसाचं वजन किंवा वारा रंग पेलत नाही. कोणती जाडी ते कागदावर नसेल तर ०.५ या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. आमच्या पत्र्यात तर दोन्ही हिशेबांनी ०.५ भरत नव्हतं. भाच्याने कॉलेजातून मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, आणला होता. रंगासकट जाडी आली ०.४० मिलिमीटर. रंग काढून मोजली तर ०.३७, आणि त्यातही लेप आहेच, म्हणजे पोलाद साधारण ०.३५. मग मला कपाटातला नमुना आठवला. तो मोजला, तर ०.६१.

खरं तर मोजायच्या आधीच छप्पर सगळं सांगत होतं. टाकीचा पाइप बघायला प्लंबर वर चढला, तर त्याच्या पावलांखाली पत्रा दबला आणि पुन्हा वर आलाच नाही. ते खोलगट ठसे अजून तसेच आहेत, पाऊस थांबल्यावर त्यांत पाणी साचतं. वारा सुटला की एका कोपऱ्यातला पत्रा फडफडायचा. दुसऱ्या पावसानंतर कापलेल्या कडांना तांबूस रेघ आली आणि स्क्रूंखालून गंजाचे ओघळ उतरू लागले. रंगावर मोहरीएवढे तपकिरी ठिपके दिसायला लागले. आधी वाटलं घाण आहे, म्हणून मी शिडीवर चढून ओल्या फडक्याने पुसलं. पुसून गेले नाहीत.

ते ठिपके कशाचे ते नंतर कळलं. पत्रे बसवताना त्यांनी ग्राइंडरने कापले होते. ग्राइंडरच्या उष्णतेने कडेचा लेप जळतो, आणि उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे तापलेल्या लोखंडाचे कण असतात. ते रंगात रुततात आणि गंजतात. पत्रा कातरीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्राने) कापायला हवा आणि स्क्रू मारून झाले की भुगा त्याच दिवशी झाडून काढायला हवा. स्क्रूंचे वॉशरही साध्या रबराचे निघाले. उन्हाने त्यांना वर्षभरात चिरा गेल्या होत्या. तिथे ईपीडीएम रबराचे वॉशर लागतात, ते ऊन सोसतात. ही गोष्ट बारीक वाटते, पण दहा मीटर लांबीचा पोलादी पत्रा तापमानात ५० अंशांचा फरक पडला तर सुमारे सहा मिलिमीटर लांबतो आणि पुन्हा आखडतो. रोजची ही ओढाताण स्क्रूच्या भोकापाशीच होते. तिथला वॉशर मेला की पाणी आत आलंच.

'इन्सुलेशन' म्हणून आम्हाला मिळाला होता चकचकीत कागदासारखा एक पातळ थर, पत्र्याला थेट चिकटवलेला. असला चकाकणारा थर उष्णता परतवतो ती त्याच्यासमोर हवेची मोकळी फट असेल तर. आमच्याकडे पत्र्याच्या बाजूला फट नव्हती आणि खालून छत त्याला टेकलेलं. दुपारी वरच्या खोलीत बसवत नाही. पाऊस जोरात आला की शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. सासूबाईंना आधीच कमी ऐकू येतं, त्या पावसाळी संध्याकाळी गप्पच बसून असतात. मला सगळ्यात जास्त हेच लागतं.

वॉरंटी मागायला गेलो तेव्हा कळलं की ती पत्र्याच्या कारखान्याची असते, कंत्राटदाराच्या शब्दाची नव्हे. तिच्यासाठी मालाचं बिल लागतं, गुंडाळीचा किंवा बॅचचा नंबर लागतो. पत्र्याला आरपार भोक पडण्याची वॉरंटी वेगळी, रंग उडण्याची वेगळी, आणि ग्राइंडरने कापलेल्या कडा बहुधा दोन्हींत बसत नाहीत. नावाजलेल्या मालाच्या मागच्या बाजूला बहुतेक वेळा छापलेली ओळ असते, त्यात कारखान्याचं नाव, लेप आणि जाडी लिहिलेली असते. आमच्या पत्र्यांची मागची बाजू कोरी होती. पत्रे अंगणात उतरवले त्या दिवशी एक जरी उलटून पाहिला असता तर तेव्हाच समजलं असतं.

लेपाचंही तसंच. जस्ताच्या लेपाला झेड आणि ॲल्युमिनियम-जस्ताच्या लेपाला एझेड लिहितात. पुढचा आकडा म्हणजे दर चौरस मीटरला, दोन्ही बाजू मिळून, किती ग्रॅम लेप आहे ते. झेड २७५ म्हणजे २७५ ग्रॅम, एझेड १५० म्हणजे १५० ग्रॅम. हा आकडा कोटेशनवर मागा. 'कलर कोटेड' या शब्दांत तो येत नाही, आणि सुंदर रंगाखाली किती कमी लेप आहे हे डोळ्यांनी दिसत नाही.

कंत्राटदाराला फोन केला. मायक्रोमीटरचे आकडे सांगितले. तो जराही चिडला नाही. "ताई, बाजारात ०.५ म्हणून मिळतो तो एवढाच भरतो," म्हणाला. कपाटातल्या नमुन्याबद्दल विचारलं तर "नमुना हा नमुना असतो." त्यानंतर फोन उचलणं बंद. शेवटचा हप्ता आम्ही पत्रे चढले त्याच संध्याकाळी देऊन टाकला होता, माणसं दिवसभर उन्हात राबली म्हणून. निदान एक पाऊस जाईपर्यंत थोडी रक्कम हातात ठेवायला हवी होती, आणि नमुन्याच्या तुकड्यावर दोघांच्या सह्या व तारीख घालून 'हाच माल' असं लिहून घ्यायला हवं होतं.

मग आम्ही ठरवलं, पत्रे उतरवू आणि मनातली कौलंच घालू. इंजिनिअर बाईंना बोलावलं. त्यांनी वर चढून कैच्या पाहिल्या, टेप लावली, वह्या उघडल्या आणि नाही म्हणाल्या. कैच्या फक्त पत्र्याच्या वजनाला धरलेल्या. पर्लिनमधलं, म्हणजे पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या लोखंडी आधारांमधलं अंतर आराखड्यात १.२ मीटर होतं, प्रत्यक्षात १.५ भरलं. तिथेही लोखंड वाचवलेलं. या सांगाड्यावर कौलं चढवायची तर सांगाडाच नवा करावा लागेल, आणि ते आता आमच्या आवाक्यात नाही. पैसे गेले ते गेलेच, पण कौलं घालण्याची वाटही त्या पेलाभर पाण्याच्या खेळात कायमची बंद झाली होती. तुमचं घर अजून कागदावर असेल तर कंत्राटदाराच्या आधी इंजिनिअरकडे जा आणि दोन्ही छपरांचा सांगाडा वेगवेगळा काढून मागा. कौलांचा सांगाडा, पत्र्याचा सांगाडा, दोन्हींचा खर्च, दोन्हींत वाऱ्यासाठी काय धरलंय ते. पत्रा वाईट असं मी म्हणत नाही. चांगल्या पत्र्याचं, नीट बांधलेलं छप्पर मी नंतर पाहिलं आहे आणि ते उत्तम आहे. आमच्यापुढे मात्र खरी निवड कधी आलीच नाही.

गेल्या महिन्यात मधल्या पर्लिन वाढवून घेतल्या आणि पश्चिमेकडची बाजू नव्या पत्र्याने घातली. यावेळी कागदावर पोलादाची जाडी, लेपाचा आकडा, वॉशरचा प्रकार, कापायचं हत्यार, सगळं लिहून घेतलं. गाडी आली तेव्हा मी मायक्रोमीटर घेऊन अंगणात उभी होते. प्रत्येक गठ्ठ्यातला वरचा नाही, मधला पत्रा ओढून काढायला सांगितला, उलटा केला, मागची छापील ओळ वाचली आणि कडेला तीन ठिकाणी मोजलं. माल उतरवणारी मुलं थांबून बघत होती. चौथ्या गठ्ठ्याशी त्यांतला एक जण पुढे आला आणि म्हणाला, "काकू, मला पण दाखवा ना हे कसं वाचायचं, आमच्या घरावर पण पुढच्या महिन्यात पत्रे टाकायचेत."

पूर्वेकडची बाजू अजून तशीच आहे.