म्हैसमाळ की अंतूर?

संभाजीनगरहून जड टूरिंग बाइकवर एका दिवसात शांत माथा गाठायचा, तर खुलताबादजवळचं म्हैसमाळ पठार की कन्नड तालुक्यातला अंतूर किल्ला, हा पेच अनेकांना पडतो.

म्हैसमाळला खुलताबादवरून थेट माथ्यापर्यंत डांबरी घाट आहे. अंतूरला नागापूरच्या पुढे कच्ची वाट, आणि खरी परीक्षा तिथेच. पावसात काळी चिकट माती पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यात थापली जाते, चाक फिरेनासं होतं. अशा वेळी ॲक्सिलरेटर पिळू नका, क्लच जळतो. गाडी बंद करून काडीने माती काढा. वाट कोरडी असेल तर टायरमधली हवा चार-पाच पीएसआयने कमी करा, डांबरावर आल्यावर पुन्हा भरा. साइड स्टँडखाली चपटा दगड हवाच, नाहीतर भरलेली गाडी कलंडते.

म्हैसमाळवर पावसाळी रविवारी शांतता मिळणं अवघड. आडवारी सकाळी आठच्या आत जा, पठार मोकळं मिळतं. अंतूर एरवीही निवांत; मात्र पाणी-डबा सोबत न्या, पेट्रोल कन्नडलाच भरा.

मागे कुणी बसणार असेल किंवा पाऊस असेल तर म्हैसमाळच. सामान हलकं, सोबत दुसरी गाडी आणि कच्च्या रस्त्याचा सराव असेल, तर हिवाळ्यात अंतूर.