ओळखपत्राशिवाय बँक खाते: आधी ‘छोटे खाते’ की आधी आधार?

फोटो असलेले एकही ओळखपत्र नाही आणि बँकेत खाते तर हवे आहे, अशा माणसापुढे सोलापुरात आज खऱ्या अर्थाने दोनच वाटा आहेत. पहिली म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसणारे छोटे खाते. ते फोटो आणि सही-अंगठ्यावर त्याच दिवशी उघडता येते. दुसरी म्हणजे आधी आधारची नोंदणी करून घ्यायची, क्रमांक हातात आला की साधे झिरो बॅलन्स खाते काढायचे. घरातल्या एका माणसासाठी मलाही या दोनांतून निवड करावी लागली होती. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण प्रत्येकाची अडचण वेगळी असते, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

‘तोवर पोराच्या खात्यावर घेऊ’ ही तिसरी वाट पुष्कळ घरांत चालते. मजुरीसाठी ती चालूनही जाते, पण सरकारी योजनेचे पैसे लाभार्थ्याच्याच खात्यात यावे लागतात. संयुक्त खाते काढायचे म्हटले तरी दोघांचीही केवायसी, म्हणजे कागदपत्रांवरून ओळख-पत्त्याची खातरजमा, लागते. गल्लीतल्या पतसंस्थेची पिग्मी सोयीची असते खरी, मात्र बँकेतल्या ठेवीला असते तसे ५ लाख रुपयांपर्यंतचे ठेव विम्याचे संरक्षण पतसंस्थेतल्या पैशाला नाही. म्हणून या दोन्ही वाटा इथेच सोडतो.

बँकेत जाण्याआधी घरातली पेटी एकदा नीट उपसा. ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्याकडे बऱ्याचदा काहीतरी निघते. बँकेला चालणारी अधिकृत कागदपत्रे सहाच आहेत: पासपोर्ट, वाहन परवाना, आधार, मतदार ओळखपत्र, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेले नरेगाचे जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे नाव-पत्त्याचे पत्र. अक्कलकोट, मंगळवेढा भागातल्या गावांतून शहरात आलेल्या कुटुंबांकडे जुने जॉब कार्ड असू शकते आणि ते कुणाच्या ध्यानातही नसते. मतदार ओळखपत्र सापडले तर आधारवाचूनही पूर्ण खाते निघते. पॅन नसेल तर तसे जाहीर करणारा ठरावीक फॉर्म भरून देता येतो. याउलट बिडी कामगाराचे ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा नुसते पॅन कार्ड या सहांत बसत नाही. बिडी कामगाराच्या कार्डावर फोटो आणि शिक्का दोन्ही असतात, त्यामुळे ते का चालत नाही, यावर काउंटरवर वाद होतो. तो वाद घालण्यात वेळ दवडू नका, काउंटरवरच्या माणसाच्या हातात ते नाही.

पेटीत काहीच नाही निघाले तर खरी तुलना सुरू होते.

छोट्या खात्याची कृती सोपी आहे. अलीकडचा फोटो न्यायचा, त्यावर स्वतःची सही किंवा अंगठा करायचा, आणि खाते उघडण्याच्या अर्जावरची सही किंवा अंगठा बँकेच्या अधिकाऱ्यासमोरच उठवायचा. ‘माझ्यासमोर केला’ असे तो अधिकारी स्वतःच्या सहीने लिहून देतो. घरून अंगठा उठवून आणलेला अर्ज इथेच परत येतो, कारण या खात्यात कागदाची जागा अधिकाऱ्याच्या डोळ्यांनी घेतलेली असते. गर्दीच्या दिवशी, म्हणजे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, अधिकाऱ्याला टेबल सोडायला फुरसत नसते. पंधरा तारखेनंतर दुपारी जा. शाखेत ‘छोटे खाते’ या नावाने विचारा. ‘जनधन’ म्हटले की समोरून आपसूक ‘आधार द्या’ असे येते. ‘असे खाते आता होत नाही’ असे उत्तर मिळाले तर कारण लेखी मागा. लेखी मागितल्यावर अर्ज बऱ्याचदा आत जातो. नाहीच गेला तर आधी बँकेकडेच तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी त्यांचा क्रमांक १४४४८.

आता मर्यादा. वर्षभरात, एप्रिल ते मार्च, खात्यात एकूण १ लाखापर्यंतच जमा होऊ शकते. शिल्लक कधीही ५० हजारांच्या वर जाता कामा नये. आणि महिन्याला काढलेले आणि दुसरीकडे पाठवलेले पैसे मिळून १० हजारांच्या आत राहायला हवेत. खाते आधी बारा महिने चालते. त्या बारा महिन्यांत एखाद्या अधिकृत ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दाखवला तर आणखी बारा महिने मिळतात.

एक लाख वर्षाला म्हणजे महिना सरासरी ८,३३३. महिना ९ हजार पगार जमा होत असेल तर एप्रिलपासूनच्या बाराव्या पगाराला मर्यादा ओलांडली जाते. यंत्रमागावर महिना १२ हजार मिळत असतील तर आठ महिन्यांत ९६ हजार होतात आणि डिसेंबरचा पगार खात्यात शिरत नाही. बिडीची मजुरी किंवा घरकामाचे पैसे घेणाऱ्या बाईला ही मर्यादा सहसा अडत नाही. शिल्लकेच्या मर्यादेत सरकारी अनुदान आणि योजनेची मदत मोजत नाहीत, तेवढा दिलासा आहे.

मला जी गोष्ट खरोखर नडली ती महिन्याच्या १० हजारांची. वाचताना ती फारशी लागत नाही, महिन्याला दहा हजारांवर खर्च कुणाचा, असे वाटते. पण गरीब घरातला पैसा सरासरीने खर्च होत नाही. जूनमध्ये दोन पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च एकदम येतो, दिवाळीचा बोनस एकदम येतो आणि एकदमच जातो, आणि दवाखाना तर तारीख बघून येतच नाही. खात्यात स्वतःच्या घामाचे ४० हजार आहेत, त्याआधी ६ हजार याच महिन्यात घरखर्चाला काढून झाले आहेत, आणि खासगी दवाखान्यात शुक्रवारी सकाळी २५ हजार भरायचे आहेत. अशा वेळी निघतात फक्त ४ हजार. बाकीचे २१ हजार सोनाराकडे किंवा महिना टक्क्याने देणाऱ्याकडून आणायचे, तेही आपलेच ३६ हजार बँकेत पडून असताना. शाखाधिकाऱ्याला दया आली तरी उपयोग नाही, मर्यादा संगणकातच बसवलेली असते, पैसे काढायची नोंद पुढेच सरकत नाही. काढलेले आणि पाठवलेले एकत्र मोजत असल्यामुळे ‘थोडे काढू, थोडे मुलाच्या खात्यावर टाकू’ ही युक्तीही चालत नाही. खाते उघडताना ही अट कुणी समजावून सांगत नाही. अडचणीच्या दिवशीच ती पहिल्यांदा कळते, आणि तोवर बचत आत गेलेली असते.

म्हणून छोटे खाते काढायचेच असेल तर त्यात साठवू नका, फक्त येण्या-जाण्यापुरते वापरा. सगळी बचत तिथे ठेवायची असेल तर माझ्या मते ते खाते त्या कामाचे नाही.

दुसरी वाट लांब आहे. पण घरात कुणा एकाकडे आधार असेल तर ती वाटते तितकी अवघड नाही. कुटुंबप्रमुखाच्या आधारावर घरातल्या माणसाची नोंदणी होते. कुटुंबप्रमुखाने स्वतः केंद्रावर यायचे, बोटांचा ठसा द्यायचा, आणि नाते दाखवणारा कागद द्यायचा. त्यासाठी दोघांची नावे असलेले रेशन कार्ड सगळ्यांत सोयीचे. रेशन कार्डात सुनेचे नाव माहेरचे राहिले असेल किंवा आजीचे नाव वगळले गेले असेल तर आधी ती दुरुस्ती करा, नाहीतर केंद्रावरून परत यावे लागते. घरात कुणाकडेच आधार नसेल तर आधारच्या ठरावीक नमुन्यातला दाखला आमदार किंवा तहसीलदार देऊ शकतात. त्या दाखल्याला तीन महिन्यांची मुदत असते. शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर हवा, खाडाखोड नको, आणि नमुना त्यांचाच हवा. लेटरहेडवर लिहिलेले ‘सदर इसमास मी ओळखतो’ हे पत्र चालत नाही. नवी नोंदणी मोफत आहे. मोबाइल क्रमांक त्याच दिवशी जोडून घ्या, नंतर जोडायला पैसे पडतात आणि परत रांग लागते.

केंद्रावर तीन गोष्टी हमखास चुकतात. पहिली बोटांची. तेंदूचे पान कापून, तंबाखू भरून, दिवसभर दोरा गुंडाळणाऱ्या बाईच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या रेषा झिजून सपाट होतात. चिमटीतला दोरा रोज त्याच जागी घासतो. यंत्रावर तो ठसा राखाडी डागासारखा उमटतो. जाण्याआधी हात साबणाने धुवा, थोडे तेल लावून पुसा, आणि बोट ठेवताना फार दाबू नका, दाबले की उरलेल्या रेषाही चिकटून दिसतात. दहांपैकी काही बोटे नीट उमटली नाहीत तरी दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांचे ठसे घेतले जातात, त्यामुळे नोंदणी अडत नाही. पुढे बँक मित्राकडे, म्हणजे बँकेने नेमलेल्या गल्लीतल्या प्रतिनिधीकडे, अंगठ्यावर पैसे काढताना मात्र हीच बोटे त्रास देतात. म्हणून खाते निघाले की रुपे कार्ड मागून घ्या, अंगठ्यावर विसंबू नका.

दुसरी चूक इंग्रजी स्पेलिंगची, आणि ती आपल्या शहरात फार. पूर्व भागातल्या तेलुगू आडनावांची स्पेलिंगे एकाच घरात तीन तऱ्हेची असतात. एका भावाच्या आधारावर ‘म्याकल’ एका पद्धतीने, दुसऱ्याच्या वेगळ्या. ऑपरेटर कानावर पडेल तसे टाइप करतो. कुटुंबप्रमुखाच्या आधारची झेरॉक्स त्याच्यापुढे ठेवा आणि पावती देण्याआधी पडद्यावरचे अक्षर न् अक्षर वाचून घ्या. छोट्या खात्यात ही चूक आणखी खोल जाते, कारण तिथे नाव कोणत्याच कागदावरून उतरवलेले नसते. बँकेत एक स्पेलिंग, वर्षभराने आधारवर दुसरे, आणि मग खाते पूर्ण करायला गेल्यावर प्रतिज्ञापत्राची मागणी. हे टाळायला छोट्या खात्याच्या अर्जावरही घरच्यांच्या आधारवरचेच स्पेलिंग लिहायला लावा.

तिसरी चूक वयाची. जन्माचा दाखला नसेल तर सांगितलेले वय धरले जाते. ‘लिहा पन्नास’ असे अंदाजाने सांगू नका. श्रावणबाळ योजनेला वय ६५ लागते आणि आधारवरचे वय मागाहून बदलणे फार जिकिरीचे आहे. लग्न, थोरल्या मुलाचे वय, १९७२ चा दुष्काळ आठवतो का, असा हिशेब घरीच बसून करा.

नोंदणी झाल्यावर थांबावे लागते, आणि या वाटेची हीच उणी बाजू. अठरा वर्षांवरच्या नव्या नोंदणीची राज्य पातळीवर पडताळणी होते, त्यात काही महिने जाऊ शकतात. तेवढा काळ खात्याविना निभावता येत असेल तर मी थांबायलाच सांगेन. आधारवर निघालेल्या साध्या झिरो बॅलन्स खात्याला किमान शिल्लक नाही, वरचे तिन्ही अडसर नाहीत, महिन्याला चार वेळा पैसे काढणे मोफत आहे, रुपे कार्डही मिळते. शिवाय लाडकी बहीण किंवा निराधारांसारख्या योजनांना आधार जोडलेले खाते लागतेच, म्हणजे आधार कधी ना कधी करावेच लागणार.

थांबणे परवडत नाही अशीही माणसे आहेत. एकटी राहणारी बाई, कागद वेचणारा, बाहेरगावाहून यंत्रमागावर कामाला आलेला मुलगा ज्याचा मालक रोख द्यायला तयार नाही. त्यांनी छोटे खाते जरूर काढावे, पण त्याच आठवड्यात आधारची नोंदणीही करावी. नोंदणीच्या पावतीवर १४ आकडी क्रमांक आणि तारीख-वेळ असते. हीच पावती पुढच्या बारा महिन्यांच्या मुदतवाढीला पुरावा म्हणून चालते. तिची झेरॉक्स करून मूळ पावती प्लास्टिकमध्ये ठेवा, शाई पुसट होते. खाते उघडल्याच्या तारखेनंतर अकराव्या महिन्यातच शाखेत जा. बारा महिने उलटून गेले तर व्यवहार थांबतात आणि आत असलेले पैसे काढण्यासाठीही खेटे पडतात.

आधार हाती आले की त्याच शाखेत जाऊन छोटे खाते पूर्ण करून घ्या, नवे काढू नका. तिथे दोन वेगळ्या गोष्टी मागाव्या लागतात: केवायसी पूर्ण करणे, आणि सरकारी पैसे याच खात्यात यावेत यासाठी आधार जोडण्याची संमती. पहिले झाले म्हणजे दुसरे झाले असे धरून चालू नका, दोन्हींसाठी स्वतंत्र सही लागते. आठ-दहा दिवसांनी आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ तपासा, तिथे तुमच्या बँकेचे नाव दिसायला हवे.