खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर: शिल्प बघायला शिकण्याची जागा

संग्रहालयात मूर्ती एकटी उभी असते. मुळात ती किती उंचीवर होती, उजेड कुठून यायचा, शेजारी कोण होतं, हे तिथे कळत नाही. खिद्रापूरला सगळं जागच्या जागी आहे. म्हणूनच शिल्पकलेची नुकती गोडी लागलेल्या माणसाला आम्ही आधी इथे जायला सांगतो. गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी, कोल्हापूरहून साधारण ६० किलोमीटर. मंदिर शिलाहार राजघराण्याच्या काळातलं. दक्षिण दाराजवळ यादव राजा सिंघणाचा १२१४ सालचा शिलालेख आहे.

बहुतेक लोक स्वर्गमंडपात फोटो काढतात आणि थेट गाभारा गाठतात. निम्मं मंदिर तिथेच हुकतं. या मंडपाला छताच्या मध्यभागी सुमारे १३ फूट व्यासाचं गोल गवाक्ष आहे आणि खाली त्याच मापाची गोल शिळा. मंडपाचे खांब ४८, त्यातले १२ शिळेभोवती. एकच खांब निवडा आणि खालून वर नजर न्या: चौकोन, अष्टकोन, वर्तुळ असे आकार एकावर एक येतात. गोल भागावरच्या कड्या इतक्या नेमक्या आहेत की दगड लेथवर फिरवल्यासारखा वाटतो. मग छतातल्या गोल गवाक्षाच्या कडेच्या देवता वाहनांवरून ओळखा. हत्ती दिसला की इंद्र, मोर दिसला की कार्तिकेय, रेडा दिसला की यम.

वेळ महत्त्वाची. मेच्या सुरुवातीला दुपारी साडेबाराच्या सुमारास ऊन बरोबर त्या शिळेवर उतरतं. डिसेंबरात तेच उत्तरेकडे सरकलेलं असतं. बाहेरच्या भिंतींसाठी मात्र सकाळ किंवा उतरती दुपारच हवी. ऊन तिरपं असलं की कोरीव काम उठून दिसतं, डोक्यावर आलं की सपाट. मोबाइलचा टॉर्चही समोरून मारू नका, बाजूने धरा.

सभामंडपात शिरल्यावर पाच मिनिटं नुसतं थांबा. डोळे सरावले की काळोखातले खांब हळूहळू दिसू लागतात, आणि गाभाऱ्याकडे उजेड टप्प्याटप्प्याने कमी का केलाय तेही उमगतं. आत दोन लिंगं आहेत, कोपेश्वर आणि विष्णुरूप धोपेश्वर. समोर नंदी नाही. तो पलीकडे कर्नाटकात यडूरला असल्याचं सांगतात.

बाहेर प्रदक्षिणेत गजपट्ट, म्हणजे भिंतीच्या पायाशी कोरलेली हत्तींची रांग, चुकवू नका. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्या आहेत, तरी पाठीवरच्या देवता आणि झुलींची नक्षी बघण्यासारखी आहे. त्यासाठी अक्षरशः खाली बसावं लागतं.

आतलं-बाहेरचं धरून अडीच तास तरी ठेवा. उन्हाळ्यात फरशी अनवाणी पायांना चटके देते, मोजे जवळ असू द्या. महाशिवरात्र दर्शनासाठी उत्तम, शिल्पं बघायला मुळीच नाही. पावसाळ्यात पुराचा अंदाज घेऊनच निघा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात या तालुक्याचा मोठा भाग पाण्याखाली होता. नृसिंहवाडी वाटेवरच आहे, पण आधी खिद्रापूर उरका, नाहीतर तिरपं ऊन हातचं जाईल.