पोटॅशियमचं औषध: क्लोराइड की सायट्रेट?

दोन्ही बाटल्यांवर ‘पोटॅशियम’ लिहिलेलं असतं, म्हणून एक संपली की दुसरी चालेल असं घरात सहज ठरतं. तसं करू नका. या क्षारांत पोटॅशियम तेच असलं तरी त्याच्या जोडीला काय आहे, यावर औषधाचं काम बदलतं.

उलट्या होऊन किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे पोटॅशियम घटतं, तेव्हा बहुधा क्लोराइडही कमी झालेलं असतं आणि रक्त अल्कधर्मी होतं. अशा वेळी पोटॅशियम क्लोराइडच हवं, ते दोन्ही तुटी भरून काढतं. सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं, म्हणजे अल्क आणखी वाढणार. क्लोराइड चवीला खारट-कडवट लागतं आणि पोटात जळजळ करू शकतं, म्हणून ते जेवणानंतर, भरपूर पाण्यात मिसळून घ्यावं. ओआरएसच्या एका लिटरमध्येही ते १.५ ग्रॅम असतं.

मुतखड्यासाठी मात्र सायट्रेटच. लघवीतल्या कॅल्शियमला ते बांधून ठेवतं, त्यामुळे ऑक्झलेटचे खडे सहज धरत नाहीत. युरिक अ‍ॅसिडचा खडा तर लघवीची आम्लता उतरली की हळूहळू विरघळूही शकतो. पण लघवी फार अल्कधर्मी झाली तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे होण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर अधूनमधून लघवीचा पीएच बघायला सांगतात. जंतुसंसर्गातून झालेल्या खड्यांना हे औषध उपयोगी नाही.

चमचाभर औषधाचा हिशोबही सारखा नाही: १ ग्रॅम क्लोराइडमध्ये सुमारे ५२० मिलिग्रॅम पोटॅशियम, तर १ ग्रॅम सायट्रेटमध्ये सुमारे ३६०.

धोका दोन्हींचा एकच, आणि तो मोठा आहे. मूत्रपिंड अशक्त असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी रक्तदाबाचं एखादं औषध चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ‘लो सोडियम’ मिठातही पोटॅशियम क्लोराइडच असतं, हे डॉक्टरांना सांगायचं राहून जातं. रक्तदाबाच्या रुग्णाने शहाळं, ते मीठ आणि सिरप तिन्ही एकदम सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्यावं. सर्वसाधारण पातळी ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असते.